खाडीकाठचं जुनं घर दुरुस्त केलं: कागद, लोणा आणि जहाजाचं सामान

आमचं दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं घर डिसेंबर 2025 मध्ये एकदाचं पूर्ण झालं. काम सुरू करायच्या आधी मी खूप शोधलं की आपल्याकडे कोणी असं घर दुरुस्त केलंय का, काय परवानग्या लागल्या, किती खर्च आला, आणि जे सापडलं ते सगळं नुसते फोटो, नाहीतर परदेशातल्या बीच हाऊसचं. म्हणून हे लिहितेय. कोकणात, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आजोबांचं घर आहे आणि ते पडायला आलंय अशा कोणालाही यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

घर माझ्या आजोबांनी बांधलेलं, जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर पोटमाळा. खालचं जोतं साधारण 1100 चौरस फुटांचं. मागच्या दाराने बाहेर पडलं की माडाच्या दोन रांगा आणि मग थेट खाडी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, ताशी 100 किलोमीटरहून जास्त वाऱ्याने रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, आणि आमचा तालुका त्याच्या अगदी शेजारी. छपराचं पश्चिमेकडचं पाखं, म्हणजे उतार, जवळजवळ पूर्ण उडालं. पंचनामा झाला, मदत मिळाली, त्यात आम्ही पत्रे टाकले आणि दोन-अडीच वर्षं तसंच ठेवलं. लॉकडाऊन, आईचं आजारपण, सगळं एकात एक. 2022 च्या दिवाळीत बाबा म्हणाले, आता एक तर नीट करूया नाहीतर विकूया. विकायचं कोणाच्याच मनात नव्हतं.

बाबा आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून रिटायर झाले. घर बोटीसारखं करायचं हे माझ्या आणि दादाच्या डोक्यातलं, त्यांच्यासाठी. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की भिंतीवर नांगराची चित्रं आणि निळे-पांढरे पट्टे मला नको, जहाजावर प्रत्येक वस्तू खाऱ्या हवेत टिकावी म्हणून तशी असते, ते घ्या. पुढे प्रत्येक खरेदीला हे वाक्य आमच्या कामाला आलं.

पण इंटिरियर खूप नंतर. आधी कागद. हे नीट वाचा, कारण लोक इथेच अडकतात.

जानेवारी 2023 मध्ये सातबारा काढला तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. म्हणजे पहिली पायरी वारस नोंद. मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं, आत्यांची सुद्धा, ती गाळायची नाहीत, पुढे तेच अंगाशी येतं. अर्ज ई-हक्कवर ऑनलाइन करता येतो आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे ते तिथे दिसतं. फेरफार मंजूर व्हायला आम्हाला एप्रिल उजाडला. त्यानंतर मोजणी, भूमी अभिलेखकडे, तातडीची फी भरून. ती पावसाच्या आधी झाली नाही आणि पावसात आमच्याकडे हद्दीचे दगड दिसतच नाहीत एवढं रान वाढतं, त्यामुळे ती थेट नोव्हेंबरात. मोजणीच्या दिवशी शेजारचे सगळे खातेदार हजर राहतील असं बघा. आम्ही आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन सांगून आलो, सगळ्यांनी तिथेच खुणा मान्य केल्या आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, विनातक्रार हातात आली.

मग संमतीपत्रं. एक आत्या डोंबिवलीला, तिचं सोपं. चुलतभाऊ कुवेतला. त्याने तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्रावर सही करून पाठवलं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, परदेशात सही झालेला असा कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्यामुळे ज्या पाकिटातून तो आला ते तारखेसकट जपून ठेवा. आत्याचं संमतीपत्र आम्ही 100 च्या स्टॅम्पवर केलं, पण ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 च्या जागी 500 चा लागतो, तेव्हा तो खर्च धरा.

आता सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. नुसत्या नावानेच लोक घाबरतात, मीही घाबरले होते. आम्हाला आर्किटेक्टने समजावलं ते असं. 2011 च्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा धरतात. 2019 च्या अधिसूचनेत तेच अंतर 50 मीटरवर आलं, पण ते लागू व्हायला जिल्ह्याचा नवा किनारा नकाशा मंजूर असावा लागतो. म्हणून आपल्या गावाला कुठला नकाशा लागू आहे हा पहिला प्रश्न विचारायचा. आम्ही कुठल्याही हिशोबाने पट्ट्याच्या आतच होतो. पण जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती, आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रफळात, याला दोन्ही अधिसूचनांत जागा आहे. जोतं वाढवायचं नाही, मजला चढवायचा नाही, वापर बदलायचा नाही.

आणि घर जुनं आहे हे सिद्ध करायचं ते 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीचं म्हणून, कारण पहिली सीआरझेड अधिसूचना त्या तारखेची. आमच्या आजीने घरपट्टीच्या पावत्या एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या, सुतळीने बांधून, वर्षाप्रमाणे लावलेल्या. सगळ्यात खालची 1968 ची. त्या पावत्या आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या असेसमेंट रजिस्टरची नक्कल, यावर आमचं सगळं उभं राहिलं. घरात असा डबा असेल तर आजच स्कॅन करून ठेवा, आणि नसेल तर ग्रामपंचायतीत नमुना 8 चा जुन्यात जुना उतारा मागा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन.

कांदळवनाचंही बघावं लागतं. मोठं कांदळवन असेल तर त्याच्याभोवती 50 मीटरचा बफर असतो, आणि झाड तोडणं तर सोडाच, तिथे माती-दगड टाकणं हासुद्धा गुन्हा आहे. आमच्या बाजूला थोडीफार खारफुटी आहे, ती आर्किटेक्टने नकाशात मुद्दाम दाखवली आणि राडारोडा कुठे ठेवणार हेही अर्जात लिहिलं. ग्रामीण भागात 1600 चौरस फुटांपर्यंत परवानगीची कटकट नाही असं गावात सगळे सांगतात, ती सवलत आहे, पण तिच्यामुळे सीआरझेड बाजूला होत नाही.

फाइल ग्रामपंचायतीतून पुढे गेली आणि एका टेबलावर चार महिने पडून राहिली. त्या काळात फार निराश व्हायला झालं. बाबांचं वय वाढत होतं, ते रोज संध्याकाळी फोनवर काही विचारायचे नाहीत, नुसतं "आज काय विशेष?" म्हणायचे, आणि मला कळायचं. शेवटी माहितीच्या अधिकारात फाइलची सद्यस्थिती विचारणारा साधा अर्ज टाकला, 10 रुपयांचा. त्यानंतर त्रुटीचं पत्र आलं, एक नकाशा पुन्हा मागितला होता, तो दिला आणि सप्टेंबर 2024 मध्ये दुरुस्तीची परवानगी हातात पडली. जानेवारी 2023 ते सप्टेंबर 2024. कागदांचा खर्च, आर्किटेक्ट, मोजणी, सगळं धरून 85 हजार. बँकेने सातबाऱ्यावरच्या घराला कर्ज द्यायला बरेच आढेवेढे घेतले, त्यामुळे आम्ही एफडी मोडून आणि दादाने घालून केलं.

दसऱ्यानंतर काम काढलं. कोकणात काम म्हणजे ऑक्टोबर ते मे, त्यातही शिमग्याला गडी मिळणार नाहीत हे धरूनच चालायचं. आमचे मुख्य मिस्त्री तिथलेच, साठीच्या पुढचे, त्यांनी पहिली अट घातली की छप्पर मार्चअखेर पूर्ण, बाकी काहीही राहिलं तरी चालेल. आणि बरं झालं ऐकलं, कारण 2025 ला पाऊस 20 मेच्या सुमारासच सुरू झाला आणि 25 मेला मान्सूनच तळकोकणात आला. आसपास ज्यांची घरं उघडी होती त्यांचे फार हाल झाले.

छपराला आढं आणि जुने सागवानी वासे जे चांगले होते ते ठेवले, कुजलेले बदलले, रिपा सगळ्या नव्या. कौलं मंगलोरीच, जुनी शाबूत होती ती पुढच्या पाख्याला आणि नवी मागे. वादळाचा धडा म्हणून कडेच्या ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपेला बांधल्या. लोखंडी तार नको, दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. छपराला 6 लाख 40 हजार लागले, सगळ्यात मोठा खर्च तोच.

भिंतींना लोणा होता. खाडीकाठच्या घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको, हाताने घासलं की पांढरी भुकटी पडते आणि वरचा रंग पोपडा धरून निघतो. नव्वदच्या दशकात कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे जांभ्यातलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. तो सगळा खरवडून काढला, भिंती एप्रिल-मे अशाच उघड्या वाळू दिल्या आणि नंतर चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम येणारा माणूस शोधायला वेळ लागला आणि दरही जास्त, गिलाव्याचे एकूण 3 लाख 30 हजार झाले. पण 2025 च्या पावसात भिंत ओली दिसली तरी पोपडा एकही नाही. जिथे नवीन काँक्रीट करावंच लागलं, म्हणजे न्हाणीघराचा स्लॅब आणि दारा-खिडक्यांवरचे दोन लिंटल, तिथे इंजिनिअरने एम 30 ग्रेडचं काँक्रीट सांगितलं आणि सळीवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, कारण खाऱ्या हवेत सळी आतून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. खाडीची वाळू एक घमेलंसुद्धा वापरू दिली नाही.

सेप्टिक टँकचं थोडक्यात सांगते, उधाणाच्या भरतीला आमच्या विहिरीचं पाणी वर येतं, तेव्हा साधा जांभ्याचा शोषखड्डा इथे चालत नाही. बंद टाकी घेतली आणि ती पाण्याने उचलली जाऊ नये म्हणून खाली काँक्रीटमध्ये पट्ट्यांनी जखडली.

लाकूडकामासाठी आम्ही फर्निचरवाला न घेता होडी बांधणारा सुतार घेतला. बाबांची कल्पना. त्या सुतारांना सगळे मामाच म्हणतात. पण होडीचे सुतार मे ते नारळी पौर्णिमा अजिबात मोकळे नसतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि सगळ्या होड्या तेव्हाच दुरुस्तीला वर काढलेल्या असतात. त्यामुळे मामा आले ते थेट गणपतीनंतर. आल्यावर एका दुकानातून आलेलं मरीन प्लाय त्यांना दाखवलं, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का होता त्यावर. त्यांनी एक तुकडा कापला आणि चुलीवर पाण्यात उकळत ठेवला. संध्याकाळी त्याचे पापुद्रे सुटलेले. माल परत केला. ही चाचणी कोणीही घरी करू शकतं, फक्त तुकडा चांगले काही तास उकळू द्या.

मग मामा म्हणाले, "बाय, प्लाय कशाला, बंदरात जुनी होडी मोडतायत, ती बघ." आता बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्यात आणि जुन्या लाकडी मोडीत निघतात. त्या एका होडीच्या फळ्या आम्ही 38 हजाराला घेतल्या. सागवान आणि आइन, बाहेरून काळं पडलेलं, उंडीच्या तेलाचा वास येणारं. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग निघाला. पण आत खिळे फार. मामा लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवायचे, जिथे ओढ लागली तिथे खडूने गोल, मग खिळा काढायचा आणि नंतरच करवत. या फळ्यांचे पोटमाळ्यावर मुलांसाठी भिंतीला धरून दोन बंक केले, जहाजावर असतात तसे, खाली खण आणि कडेला चार बोटं उंच पट्टी म्हणजे झोपेत पडायला नको. खिळ्यांच्या जागची काळी भोकं मामांनी बुजवली नाहीत, कापूस आणि राळ भरून तशीच ठेवली, होडीच्या फटी भरतात त्याच पद्धतीने. मला घरातला सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

कपाटांना सरळ दारं न करता झिलमिलीची, म्हणजे फटी असलेल्या आडव्या पट्ट्यांची केली, आणि प्रत्येक कपाट भिंतीपासून चार इंच सुटं. बाबांनी सांगितलं, जहाजावर कपडे बंद कपाटात ठेवले की बुरशी ठरलेली, हवा खेळली पाहिजे. कड्या, बिजागऱ्या, स्क्रू सगळे पितळी किंवा 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार 304 देतात आणि गंजत नाही म्हणतात, पण खाऱ्या वाऱ्यात 304 वर वर्षभरात तांबूस ठिपके येतात. 316 महाग आहे, पण बिजागरी बदलायला सुताराला परत बोलावणं त्याहून महाग पडतं. लाकूडकामाचे सगळे मिळून 5 लाख 70 हजार.

जहाजाचं सामान आम्ही मुंबईत रे रोडला दारुखान्यात घेतलं. अलंगला, भावनगरकडे, जास्त माल मिळतो हे खरं, रस्त्याच्या दुतर्फा मोडलेल्या जहाजांच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत, पण आम्हाला एवढंच हवं होतं की गाडीत मावेल. बाबांना घेऊन गेले. ते एका वखारीत शिरले आणि दिवे हातात घेऊन वजन बघत बसले. जुनं पितळ किलोवर विकतात, साधारण 12 इंची पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, 14 किलो भरलं आणि 7800 ला मिळालं. खिशात चुंबक ठेवा, नुसता पितळी मुलामा असेल तर आतलं लोखंड चिकटतं. काचेचा रबर गेलेलाच असतो, तो नवा बसवून घ्या. दोन पोर्टहोल न्हाणीघराच्या भिंतींना बसवली, चार बल्कहेड लाइट, म्हणजे जहाजाच्या भिंतीवरचे दिवे, पडवीत, त्यांच्यातली जुनी वायरिंग पूर्ण काढून नवीन होल्डर आणि एलईडी घातले. जुन्या जहाजाच्या भिंतींचे पॅनल आणि पाइपाभोवतीचं वेष्टन स्वस्तात मिळत होतं, ते बाबांनी हात लावू दिलं नाही, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. मुलं राहणाऱ्या घरात तर नकोच. सगळं मिळून 1 लाख 15 हजार, वाहतुकीसकट.

जिन्याला कठडा दोराचा केला. जाड मनिला दोर आणला आणि बाबांनी तो स्वतः लावला, वयाच्या 76 व्या वर्षी, त्यांच्या ट्रंकेतला दोराचे पीळ सोडवायचा टोकदार लोखंडी दाभण काढून. एका टोकाचे तीन पेड सोडवायचे, ते दोराच्या पिळात उलट घालून ओढायचे, पुन्हा घालायचे, आणि शेवटी पायाखाली घोळवून सारखं करायचं. बोटं दुखायची त्यांची, मध्ये थांबायचे, पण कोणाला करू द्यायचे नाहीत. माझा मुलगा शेजारी बसून शिकला, आता तो गाठी मारून दाखवतो. सुरक्षेसाठी आतून 316 ची तारही ओढलीय, कारण लहान मूल दोरांमधून निसटू शकतं.

2025 चा गणपती 27 ऑगस्टला होता, तोवर फरशी आणि वीज झालेली, लाकूडकाम नव्हतं. तरी आणला. ओटीवर मखर, बाकी घरभर प्लॅस्टिकचे कागद अंथरलेले, आणि तीस-पस्तीस माणसं जेवली. आत्या सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि माजघरात बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं बाळंतपण त्या खोलीत झालेलं.

एकूण खर्च 26 लाखांच्या थोडा वर गेला. सुरुवातीचा अंदाज 19 होता. वाढ मुख्यतः चुना, 316 आणि वाहतूक यात झाली. खाडीकाठी करायचं असेल तर गावातल्या साध्या घराच्या अंदाजावर निदान तिसरा हिस्सा जास्त धरा.

अजून एक राहिलंय. मागचा जुना धक्का, पायऱ्यांचा, भरतीला खालच्या तीन पायऱ्या पाण्यात जातात, तो एका बाजूने खचलाय. तो आमच्या दुरुस्तीच्या परवानगीत येत नाही, भरतीरेषेच्या खालचं काम म्हणजे वेगळा अर्ज, मेरीटाईम बोर्डाकडेही विचारावं लागेल. गावात सगळे म्हणतात चार दगड लावून टाका, कोण बघतंय. आम्ही लावलेले नाहीत. अर्जाची तयारी चालू आहे, झालं की त्याचंही लिहीन. तोवर मे महिन्यात पडवीचं लाकूड आणि बाहेरच्या चौकटी उंडीच्या तेलाने पुसून घ्यायच्या आहेत, मामांनी दरवर्षी पावसाआधी एक हात सांगितलाय, आणि पितळेला महिन्यातून एकदा चिंच.